चक्रांगाच्या पोटात कोंबडीचा जंत

संपादकांनी फोनवर विषय विचारला. मी म्हटलं, "जंत." मग ते हळूच म्हणाले, "आजी, अंक दिवाळीचा आहे. लोक फराळाचं ताट पुढ्यात घेऊन वाचतात." मी म्हटलं, "मग चकली खाताना वाचू द्या. शेव घेतली की पान उलटा म्हणावं."

त्यांना ती थट्टा वाटली. पण मी तरी दुसरं काय लिहिणार? उमेदीची वर्षं मी पक्ष्यांच्या पोटातले जंत शोधण्यात घालवली, आणि तेही घरच्या पोपटाच्या नव्हे, थंडीत दूर उत्तरेकडून आपल्याकडे येणाऱ्या रानपक्ष्यांच्या. माणसांचे जंत काढले असते तर निदान चार आयांनी दुवा दिला असता.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. महाडच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे. वय पंचविशीचं, आणि डोक्यात हवा मावत नव्हती. दूरच्या शहरातल्या एका सरांच्या हाताखाली डॉक्टरेटच्या पदवीसाठी संशोधन चालू होतं. सर पत्रातून मार्गदर्शन करायचे आणि मी पत्रातूनच त्यांच्या पाया पडायचे. अंगात पांढरा कोट. तो प्रयोगशाळेत घालायचा असतो, पण ही बया तो घालून भाजी आणायला जायची. भाजीवाल्या मला "डॉक्टरीणबाय" म्हणत आणि मी ते दुरुस्त करत नसे.

त्या काळात मला बघायलाही येत असत. एकदा मुलाच्या आईने विचारलं, "मुलगी काय करते?" वडील म्हणाले, "संशोधन. पक्ष्यांवर." तेवढ्यात मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "पक्ष्यांवर नाही, बाबा. पक्ष्यांमधल्या जंतांवर. परवाच एका तुतवाराच्या आतड्यात..." बशा भरल्या तशाच आत परतल्या. वडील त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पोहे मात्र सगळे मलाच मिळाले.

आता धंदा काय होता ते सांगते. रानपक्षी मारायला कायद्याने बंदी आली होती, त्यामुळे आमचा सगळा कारभार मेलेल्यांवर. सावित्रीच्या खाडीत कोळ्यांच्या जाळ्यात गुदमरलेलं बदक, विजेच्या तारेला धडकलेला बगळा, असं जे मिळेल ते. मी ओळखीपाळखीत सांगून ठेवलं होतं, आणि लोक खरंच आणून द्यायचे. कशेडीच्या घाटात ट्रकच्या काचेवर आपटलेली भोरडी एका क्लीनरने गमछ्यात गुंडाळून आणली होती. पोलादपूरहून महाबळेश्वरच्या गाडीवर जाणारा एक कंडक्टर होता. त्याने एकदा जेवणाच्या डब्यातून धोबी पक्षी आणला आणि वर म्हणाला, "बाई, डबा धुऊन द्या हां, उद्या भाजी न्यायचीय."

पक्षी आला की आतडं काढायचं. दोन्ही टोकं दोऱ्याने बांधायची, म्हणजे आतला ऐवज आतच राहतो. मग मिठाच्या पाण्यात उभं चिरायचं, काळ्या ट्रेमध्ये, कारण जंत पांढरे असतात. गोल जंत आतड्यात मोकळे फिरतात, ते पहिल्या फटक्यात दिसतात. पट्टकृमी, म्हणजे फितीसारखे चपटे जंत, मोठे हट्टी, डोकं आतड्याच्या भिंतीत रुतवून बसतात. ओढलं तर धड हातात येतं आणि डोकं राहतं भिंतीत. डोक्याशिवाय त्याची ओळख पटत नाही, म्हणून तासन्‌तास वाट बघायची, त्याने आपण होऊन सोडेपर्यंत. शेवटी उरलेलं सगळं पाणी बारीक चाळणीतून गाळायचं, काही सुटलं असेल तर सापडावं म्हणून. तशी चाळणी महाडात कुठे मिळायला? मी ती बाजारातल्या पत्रेवाल्याकडून करून घेतली होती. पितळी जाळी, भोवती पत्र्याचा काठ, आणि काठाची कड आत दुमडलेली. मला तिचा फार अभिमान.

लोकांना किळस यायची. मला मात्र ते पक्ष्याचं प्रवासवर्णन वाटायचं. बहुतेक जंत थेट एका पक्ष्यातून दुसऱ्यात जात नाहीत. मध्ये कुणी गोगलगाय लागते, कुणी किडा लागतो. म्हणजे पोटात अमुक जंत असेल तर या पाहुण्याने कुठल्या तरी चिखलात अमुक गोगलगाय खाल्ली असणार. पक्षी बोलत नाही, त्याचा जंत बोलतो. आजही हे वाक्य मला आवडतं. त्या वेळी तर मी ते आरशासमोर म्हणून बघायची.

त्या हिवाळ्यात कोळ्यांनी एक चक्रांग आणून दिलं. चक्रांग म्हणजे लहानखुरं, देखणं बदक. नराचं डोकं तांबूस, डोळ्यावरून हिरवा पट्टा. हे पक्षी फार लांबून येतात. त्या बदकाच्या गाळलेल्या पाण्यात मला एक गोल जंत सापडला. बोटभर लांब, पिवळट पांढरा, शेवईसारखा. बघते तर काय, हा तर कोंबडीचा जंत! गावठी कोंबडीत असतो अगदी तोच.

हे मला चटकन ओळखता आलं कारण मी कोंबड्याही उघडत असे. बाजारातले कोंबडीवाले हमीदभाई रोज सकाळी आतडी बाजूला ठेवायचे. "बाई, आज तीन हाएत. एक लई जाडजूड होती, बघा तुमचा माल निघतो काय." रानपक्ष्यांशी तुलना करायला म्हणून मी ती न्यायची.

झालं! मी सरांना लिहिलं, की दूर देशाहून येणारं बदक आपल्या कोंबड्यांना जंत आणून देतं याचा पुरावा मिळाला आहे. सर हरखले. निबंध तयार करून त्यांनी तो छापायला पाठवला. एका बदकातला एक जंत! आज कुणा मुलीने माझ्यापुढे एवढ्याशा भांडवलावर असा दावा केला तर मी तिचा कान धरीन. माझा कान धरायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी तो कोटाच्या कॉलरमध्ये लपलेला होता.

वरंधच्या अलीकडे एक गाव आहे. त्याच्या बौद्धवाडीच्या खालच्या अंगाला तळं, आणि तळ्यावर दर हिवाळ्यात चक्रांगांचा थवा. तिथल्या शाळेचे जाधव गुरुजी महाडला भेटले आणि म्हणाले, "आमच्या लोकांना ऐकवा की हे. विज्ञान गावापर्यंत यायला पाहिजे." मी एका पायावर तयार. कोट घालून, बाटलीत जंत घेऊन गेले. शाळेच्या पडवीत माणसं बसलेली. बाटली हातोहात फिरली. मी म्हटलं, "हा शत्रू हजारो मैलांवरून या सुंदर बदकाच्या पोटात बसून तुमच्या उकिरड्यापर्यंत येतो." शत्रू! माझा शब्द. टाळ्या पडल्या. मागे एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. बाटली तिच्याकडे आली तेव्हा तिने ती उजेडात धरली, हसली आणि पुढे दिली. तिचं नाव सोनूबाय, हे मला नंतर कळलं. तिच्या हसण्याचा अर्थ मी आश्चर्य असा लावला.

दहा-बारा दिवसांनी गुरुजी कॉलेजात आले. हातात पिशवी, चेहरा उतरलेला. पिशवीत मेलेली कोंबडी.

"बाई, वाडीत कोंबड्या पटापट मरतायत. तुकारामच्या चौदा गेल्या. लोक म्हणतायत, जंतवाल्या बाईंनी सांगितलंच होतं. भाताला मारायचं विषारी औषध साळीत कालवून तळ्याकाठी टाकायचं ठरवलंय. परवा. बदकं संपली की रोग संपेल म्हणतात."

आता माझी लाज ऐका. पहिल्यांदा माझ्या मनात कोंबड्या आल्या नाहीत, बदकं आली नाहीत, तुकारामही आला नाही. पहिल्यांदा आलं, की माझं म्हणणं खरं ठरतंय!

मी गुरुजींसमोरच कोंबडी उघडली. आतडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिरलं. जंत नाही. एकही नाही. पेषणीच्या, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठराच्या, वरच्या भागात रक्ताचे बारीक ठिपके होते, बाकी आतडं स्वच्छ. जंताने मेलेली कोंबडी आणि पोटात जंतच नाही!

"काय बाई, जंतच ना?" गुरुजींनी विचारलं.

तिथे "नाही" म्हणायला हवं होतं. एक शब्द. पाचच्या गाडीने गुरुजी परत जाणार होते आणि तो शब्द त्यांच्याबरोबर गेला असता. पण या बयेने चष्मा वर केला आणि म्हटलं, "तपास चालू आहे. उद्या कळवते. तोवर थांबा म्हणावं."

"थांबा म्हणून सांगू? पण का म्हणून सांगू?"

"शास्त्रीय कारण आहे," मी म्हटलं.

गुरुजी गेले. मी वही काढली. त्या चक्रांगाच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं, 'आतडे उघडल्यावर काही नाही. जंत शेवटच्या गाळलेल्या पाण्यात.' त्याच दिवशीची वरची नोंद हमीदभाईंच्या कोंबडीची. सात जंत. दोन्हींना चाळणी तीच. मी चाळणी उन्हात धरली, टाचणीने काठाची दुमड उचकटली. आतून कोंडा निघाला, आणि त्याबरोबर वाळलेला, दोऱ्यासारखा एक तुकडा. पाण्यात घालून भिंगाखाली धरला. कोंबडीचाच जंत.

हजारो मैल वगैरे काही नाही. माझा शत्रू हमीदभाईंच्या दुकानापासून माझ्या टेबलापर्यंत आला होता, आणि तोही माझ्याच पिशवीतून.

संध्याकाळची गाडी गेली होती. सकाळी वरंधवरून भोरला जाणाऱ्या पहिल्या गाडीत बसले. खिडकीतून शेतं दिसत होती, भात कापून झालेली. मी मनात भाषण जुळवत होते, चूक तर कबूल व्हावी पण फार माझी वाटू नये असं. गावाच्या फाट्यावर गुरुजी उभे. त्यांचा चेहरा बघून भाषण विसरले.

"मी सांगितलं थांबा म्हणून. तुकाराम म्हणाला, कारण सांगा. मला सांगता येईना." मग खाली बघत म्हणाले, "त्याने कालच टाकलं. संध्याकाळी. पहाटे बघितलं तर..."

तळ्याच्या काठावर अकरा चक्रांगं पडली होती. काही पाण्यात, काही गवतात. बाकीचा थवा माणसांच्या गलक्याने उठून गेला होता. तुकाराम काठावर उकिडवा बसलेला. तिशीचा, हाडापेराने मजबूत माणूस. मला बघून उठला, हात जोडले. म्हणाला, "बाय, तुमी सांगितलंत म्हणून केलं."

हे वाक्य तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो मला कामाचा हिशेब दिल्यासारखा बोलला.

मी म्हटलं, "मी चुकीचं सांगितलं." जुळवलेलं सगळं गेलं, तेवढंच उरलं. मग चाळणीची गोष्ट सांगितली. कोंबडीचा जंत कडेत अडकला, नंतर बदकाच्या पाण्यात पडला, आणि मी बदकाचा समजले. मागून एक खोकला आला आणि सोनूबाय पुढे झाली.

"काय गो बाय, कोंबडी पाळलीस कधी?"

"नाही."

"मंग. ही शेवई आमी जल्मभर बगतो. कोंबडी कापली का दोन-चार निघतातच. तेनं कोंबडी झुरते, पिसं झडतात. अशी मान वाकडी करून दोन दिवसांत नाय मरत. ही मानमोडी हाय."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"तू इचारलंस काय?" ती म्हणाली. "कोट घालून आलीस, बाटली दावलीस, गेलीस. मला वाटलं, शिकलेली हाय, बदकाचा जंत पण तसाच असंल."

एक बाई हसली. मग म्हणाली, "आता उघड नां आमच्यासमोर. बगूया तरी बदकात काय असतंय ते."

शाळेच्या पडवीत, जिथे टाळ्या घेतल्या होत्या तिथेच, मी हातमोजे चढवून बसले. चाळणी आणलीच नव्हती. काळा ट्रे, मीठ-पाणी, कात्री. अकराच्या अकरा आतडी उघडली. बायका खांद्यावरून वाकलेल्या, कुणाचा पदर नाकाला, पण हटायला कुणी तयार नाही. कोंबडीचा जंत एकातही नव्हता. त्यांचे त्यांचे होते, बारीक पट्टकृमी, नखाएवढे, डोकी भिंतीत रुतवून. मी भिंग सोनूबायच्या हातात दिलं.

"एवढुसं?" ती म्हणाली. "आणि हे आणतंय व्हय इतक्या लांबून?"

"हो. आणि परत घेऊन जातं."

"म्हंजे पोटातलं पोटातच. कुणाला त्रास नाय." तिने भिंग परत दिलं. "आणि आपण..."

आयुष्यात मला बदकांचे इतके नमुने एकदम कधी मिळाले नव्हते. अकरा! सरांना हवे होते तितके. मी एकही बाटलीत भरला नाही. शास्त्राच्या दृष्टीने तोही मूर्खपणाच, पण तो मला अजून आवडतो.

पुढचं इथेच उरकून टाकते. तालुक्याचे गुरांचे डॉक्टर तिसऱ्या दिवशी आले, रक्ताचे ठिपके बघून मानमोडी म्हणाले आणि उरलेल्या कोंबड्यांना लस टोचली. सरांनी पत्रात लिहिलं, 'एका चाळणीवरून निबंध मागे घ्यायचा नसतो.' मी त्या शास्त्रीय नियतकालिकाच्या संपादकांना परस्पर पत्र घातलं आणि निबंध मागे घेतला. सरांनी मला पुन्हा पत्र पाठवलं नाही. पदवी राहिली ती राहिलीच. मुलं डॉक्टर झाली, पण खरी, सुया टोचणारी. मी प्रात्यक्षिकं घेत राहिले आणि रानपक्षी उघडत राहिले, नवी चाळणी घेऊन, बिनदुमडीची. मुलींना पहिल्या दिवशी सांगायची, आधी भांडी घासायला शिका, मग शोध लावा. त्यांना वाटायचं बाई संसाराचं सांगतायत.

पण त्या दिवशीचं अजून संपलेलं नाही. मी आतडी आवरत होते आणि सोनूबाय एकदम ताडकन उभी राहिली.

"गो, कोंबड्या! सकाळीच सोडल्यात. त्या साळीवर जातील!"

सगळं गाव तळ्याकडे धावलं. पोरीबाळी कोंबड्या हाकत सुटल्या, धरून धरून डालग्यांखाली घातल्या. मग बायकांनी खराटे आणले. हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, कुणी पायांनाही. काठाचं गवत विंचरल्यासारखं झाडलं. दाणा न्‌ दाणा सुपात आणि सुपातून खड्ड्यात. खड्डा तुकारामने खणला, पाण्यापासून दूर माळावर, छातीएवढा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. अकरा चक्रांगंही त्यानेच त्यात ठेवली, एकेक करून, ओळीने. मी त्याच्या शेजारी उभी होते. मग दोघांनी फावडी उचलली आणि माती लोटली.

मी दुपारभर झाडत होते. कोट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरला. एक बाई म्हणाली, "आता कशी माणसात आलीस," आणि मला तिचा राग आला नाही, याचंच मला नवल वाटलं.

उन्हं कलली तेव्हा काठ साफ झाला होता. कंबर धरून आम्ही बांधावर बसलो. गुरुजींनी घरून चहा आणवला. मला पाच वाजताची गाडी होती, पण कुणी जा म्हटलं नाही आणि मी उठले नाही. सगळ्यांच्या नजरा आभाळाकडे. बदकं कुठे दुसरीकडे गेली असतील, तिथेच राहतील, मग येणारच नाहीत, असं मनात प्रत्येकाच्या असणार.

आधी आवाज आला, बारीक शीळ. मग डोंगराच्या खांद्यावरून ठिपके. तळ्यावर आले आणि वळले. एक फेरी झाली. खाली आले, पुन्हा वर गेले. दुसरी फेरी. सोनूबायने माझं मनगट घट्ट धरलं, तिच्या हाताला ओल्या गवताचा वास येत होता. तिसऱ्या फेरीला पहिलं बदक पाय पुढे काढून पाण्यावर घसरलं, मग दुसरं, मग धबाधब सगळी.

सवयीने माझं बोट वर गेलं आणि मी पुटपुटायला लागले, एक, दोन, तीन...

सोनूबायने माझं बोट धरून खाली केलं.

"मोजू नको गो," ती म्हणाली. "आली ना? बस आता गप."